डाव्या हाताची गाठ

म्हाताऱ्याने कापडी पिशवीतून पत्र्याची एक कंपासपेटी काढली, फळीवर ठेवली आणि झाकण उघडण्याआधी दुकानात आणखी कोणी आहे का ते पाहून घेतलं. कोणी नव्हतं. मांडणीवर लाकडी डोकी तेवढी ओळीने बसली होती आणि त्यांच्यावर आज दोन ऋषी, एक पेशवाई सरदार आणि एक खाष्ट सासू असे चार टोप चढवलेले होते.

"केस ओळखता ना तुम्ही?"

"त्याच्यावरच पोट आहे," हमीद म्हणाला. त्याच्या हातात तिसऱ्या ऋषीची दाढी होती. जाळीतून आकडीने केस ओढून तो गाठ मारत होता आणि मान वर करायला त्याला तेवढी एक गाठ पुरी व्हायला हवी होती.

"शुक्रवार पेठेत चौकशी केली. दोन दुकानदारांनी तुमचं नाव सांगितलं. तिसऱ्यानं नाक मुरडलं. म्हणजे तुम्ही चांगले असणार."

हमीद हसला. असं बोलणारं गिऱ्हाईक त्याला नवीन नव्हतं. बापाच्या, म्हणजे अल्लाबक्षच्या काळापासून टोप आणि दाढीमिशांचं हे दुकान याच गल्लीत होतं, आणि पुण्यात ज्याला म्हणून तोंडाला रंग लावायचा असतो तो कधी ना कधी या फळीशी येऊन असंच काहीतरी तिरकस बोलून जायचा. हा मात्र नाटकातला वाटत नव्हता. पांढरा सदरा, धोतर, गळ्याशी लावलेलं बटण, पायात धुऊन आणलेल्या चपला. सत्तरी ओलांडलेली.

पेटीत कर्कटक नव्हतं, कोनमापक नव्हतं. कापसाच्या गादीवर केसांचा एक झुपका होता. काळपट तपकिरी, वीतभर लांब, करंगळीएवढा जाड. हमीदने हात पुढे केला तसा म्हाताऱ्याने पेटीवर आपला तळवा ठेवला.

"आधी ऐका. मग हात लावा."

त्यांचं नाव गोपाळकृष्ण. म्युनिसिपालटीच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, राहायला भिकारदास मारुतीजवळ. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "एकोणसत्तर सालचा टेकडीवरचा केसाळ आठवतो तुम्हाला?"

हमीदची आकडी जाळीत अडकली. ती सोडवून घेत तो म्हणाला, "ऐकलं होतं, सर."

ऐकलं होतं! त्या वर्षी पुण्यात ज्याने ऐकलं नाही तो एक तर तान्हा होता नाहीतर खोटारडा. वेताळ टेकडीवर लाकूडफाटा गोळा करणाऱ्या बायका मोळ्या टाकून पळत आल्या, तिथून सुरुवात झाली. अंगभर केस, दोन पायांवर चालतो, हात गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी खाणीतल्या पाथरवटांना दिसला, तेव्हा त्याची उंची सहा फूट होती. तिसऱ्या दिवशी पाषाण गावच्या गुराख्यांनी ती साडेसात केली. कोणी म्हणालं हा वेताळाचा रखवालदार, कोणी म्हणालं हिमालयातला वाट चुकून आला. एका प्राध्यापकाने त्यावर व्याख्यान दिलं. एका वाचकाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की सदरहू केसाळास रेशनकार्ड द्यावे, म्हणजे रांगेत उभा राहून तो आपोआप माणसात येईल. शहर पोट धरून हसलं आणि संध्याकाळी पोरांना टेकडीकडे जाऊ देईना. पाचव्या दिवशी खाणीच्या तळाशी एक मुलगा सापडला आणि हसणं बंद झालं.

"तो आमचा मधुसूदन," गोपाळकृष्ण म्हणाले. "मधू. सतरावं चालू होतं."

हमीदने दाढी खाली ठेवली.

"मॅट्रिकचा निकाल लागून आठ दिवस झाले होते. गणितात नापास. गणिताच्या मास्तरचा मुलगा." ते वर्गात उदाहरण मांडावं तसं एकेक पायरी सांगत होते. "निकालाच्या दिवशी मी त्याला म्हणालो, तोंड काळं कर. त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. एका घरात, एका पंगतीला बसून नाही बोललो. नवव्या दिवशी त्यानं शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून घेतला. केसाळाचा फोटो काढून आणतो, मग बाबा बोलतील, असं आईला म्हणाला. संध्याकाळी गेला. कॅमेरा खाणीच्या काठावर दगडावर मिळाला. नीट ठेवलेला, पट्टा गुंडाळून. आतलं रीळ कोरं."

"मग लोक...?"

"लोकांचा हिशेब सोपा असतो. फोटो काढायला गेलेला मुलगा कॅमेरा बाजूला कशाला ठेवील? दुसऱ्याची वस्तू फुटू नये म्हणून ठेवली आणि उडी मारली. तोंडावर कोणी म्हणालं नाही. आमच्या वाड्यात कोणी तोंडावर काही म्हणत नाही, फक्त तुम्ही जिन्यात आलात की बोलणं थांबतं. एकोणतीस वर्षं थांबतंय."

पेटीवरचा तळवा त्यांनी उचलला.

"हे त्याच्या मुठीत होतं. फौजदार म्हणाला, शेळीचे केस. टेकडीवर शेळ्या चरतात, बोरीला केस अडकतात, पडताना हाताला लागले. हिनं मात्र मानलं नाही. ही म्हणजे आमची मंडळी. ती म्हणाली, केसाळानं ओढलं माझ्या पोराला. त्या दिवसापासून तिनं तेच धरलं. लोणी काळभोरच्या उसात दिसला, वाघोलीच्या खडीमशीनपाशी दिसला, हिंजवडीच्या माळावर दिसला, जिथे दिसला तिथलं कात्रण. चार फायली झाल्या. मी चिकटवून द्यायचो. पोरानं आपणहून जीव दिला म्हणण्यापेक्षा जनावरानं नेला म्हणणं तिला सोसत होतं. दीड महिन्यापूर्वी ती गेली."

बाहेरून भंगारवाल्याची हाळी आली आणि गल्लीच्या वळणावर विरली. गोपाळकृष्णांनी पेटी हमीदकडे सरकवली.

"तिच्या देखत मला ही कोणाला दाखवता येत नव्हती. आता बघा, आणि काय असेल ते सांगा. जे असेल ते. फक्त पेटी सांभाळा, ती त्याची आहे."

"परवा या, सर."

ते पायरी उतरून गेल्यावर हमीदने दाराची अर्धी फळी लावली. केस ओळखायला त्याला भिंगाची गरज नव्हती. शेळीचे केस, मधूनमधून चवरीचे, म्हणजे याकच्या शेपटीचे, राकट केस, उकळत्या पाण्यात काथ घालून रंगवलेले. शेळी चरायला गेली तरी काथ पिऊन येत नाही. तरी त्याने भिंग काढलं. झुपक्याच्या बुडाशी मातीने केसांच्याच रंगाचा झालेला, नखाएवढा जाळीचा तुकडा होता. आणि त्या जाळीवर, एका ओळीत, गाठी होत्या.

टोपाच्या धंद्यात सही करायची पद्धत नाही. गरजही नाही. एक-दोन केस आकडीत घ्यायचे, जाळीच्या घरातून ओढायचे, वळवायचे आणि गाठ आवळायची. सगळे कारागीर हे उजव्या हाताने करतात आणि सगळ्यांची गाठ उजवीकडे कलते. अल्लाबक्षची कलायची, शुक्रवारातल्या नाक मुरडणाऱ्याचीही कलते. हमीद डावखुरा होता. लहानपणी बापाने डाव्या हाताला फडकं बांधून पाहिलं, पट्ट्या मारून पाहिल्या, शेवटी कपाळाला हात लावून सोडून दिलं.

जाळीवरच्या सगळ्या गाठी डावीकडे कलल्या होत्या.

त्याने त्या एकदा पाहिल्या आणि भिंग पालथं ठेवलं. जरा वेळाने पुन्हा उचललं. गाठी होत्या तिथेच होत्या.

त्या साली तो एकोणीस वर्षांचा होता. एका हौशी मंडळाने जांबुवंताचा अंगरखा सांगितला होता, डोक्यापासून पायापर्यंत अस्वल. अल्लाबक्ष तेव्हा तापाने अंथरुणाला खिळलेला. तो म्हणाला, तूच कर, सरसाने केस चिकटव आणि मोकळा हो, प्रेक्षक पंधरा फुटांवर बसतो, त्याला गाठ दिसत नाही. हमीदला दिसत होती. दोन महिने त्याने एकेक केस जाळीला गाठला. छातीवरचे केस खाली वळणारे, खांद्यावरचे आडवे, दंडावरचे कोपराकडे जाणारे. ते त्याचं पहिलं अख्खं काम. नाटकाचे चार प्रयोग झाले, मंडळात भांडणं झाली, आणि जांबुवंत खोक्यात बसून परत आला. त्याच्या कामाकडे कोणी धड पाहिलंही नव्हतं. एका समीक्षकाने लिहिलं, अस्वल ठीक.

मग थिएटरात पडदे ओढणारा जयसिंग म्हणाला, दे चार दिवस, गंमत करू टेकडीवर. आणि हमीदने बापाला न विचारता दिला. नुसता दिला नाही, पहिल्या संध्याकाळी स्वतः जयसिंगबरोबर गेला आणि करवंदीच्या जाळीमागे बसला. बायका मोळ्या टाकून पळाल्या तेव्हा जयसिंग हसून लोळला. हमीदला हसू आलंच नाही. त्याचा ऊर भरून आला होता. आपल्या हातचं काम माणसांना खरं वाटतंय, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं, आणि ते आजही त्याला स्पष्ट आठवत होतं. ते सुख पुन्हा कधी मिळालं नाही. मोठमोठ्या नटांच्या टोपांनीही दिलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी जयसिंगने अंगरखा पोत्यातून आणून टाकला. उजव्या दंडावर फाटलेला.

"बोरीत अडकलो."

संध्याकाळच्या वर्तमानपत्रात खाणीतल्या मुलाची बातमी होती. हमीदने जयसिंगला गाठून एकदाच विचारलं होतं.

"तू होतास तिथं?"

"मी अंधार पडायच्या आत उतरलो होतो. त्या पोराचा नि माझा काय संबंध? आणि तोंड उघडशील तर तूही होतास म्हणून सांगेन."

हमीदने विश्वास ठेवला. नाही ठेवला असता तर झोप गेली असती, आणि एकोणिसाव्या वर्षी माणसाला झोप फार प्यारी असते. त्याने दंड शिवला, नवे केस गाठले आणि अंगरखा माळ्यावर टाकला. जयसिंग महिन्याभरात पुणं सोडून गेला, कोल्हापूरकडे कुठल्याशा तमाशाच्या फडात पेटी उचलायला लागला, दारूत बुडाला आणि अकरा वर्षांपूर्वी मेला. त्या खाणीच्या काठावर काय झालं ते ठाऊक असलेला एकमेव माणूस. मुलाने त्याला ओळखून पकडलं, की घाबरून मागे सरकताना धरलं, की फोटोपेक्षा केसाळच घरी न्यावा म्हणून कॅमेरा नीट ठेवून अंगावर धावून गेला? हमीदला राहून राहून तेच दिसत होतं. पट्टा गुंडाळून ठेवलेला कॅमेरा, आणि बापासमोर उभं करायला काहीतरी धरून नेणारा मुलगा.

अंगरखा माळ्यावर पडून होता आणि केसाळ मात्र पुढे दहा वर्षं गावोगाव दिसत राहिला. मग एकदा तंगीच्या दिवसांत हमीदने तो उसवला. त्याच्या ऋषींच्या दाढ्या झाल्या, राक्षसांच्या मिशा झाल्या. उरलं होतं ते एवढंच, या पेटीत.

दुपारी रझिया चहा घेऊन आली. ती लोणी काळभोरची, तिथल्या मळ्यांत वाढलेली. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी तिची बोली पुण्याने काही फारशी सुधारली नव्हती, आणि हमीदला ती तशीच आवडे. तिने फळीवरची पेटी पाहिली आणि बशी तिथल्या तिथे ठेवली.

"हे कुणाचं हो?"

हमीदने मास्तरांची हकीकत सांगितली. मास्तरांनी सांगितली तेवढीच, पुढे एक शब्द नाही. रझियाने पदर डोळ्याला लावला.

"त्याचंच हाय हे. अगदी अस्सेच केस. माझ्या चुलतीनं उसात बघितला होता, लय येळा सांगायची. तुम्ही हसायचा."

हो, तो हसायचा. आपण नवरा म्हणून थट्टा करतो आहोत असं तिला वाटायचं, आणि तिला तसं वाटू देणं सोपं होतं.

"देऊन टाका त्यांना जसंच्या तसं," रझिया म्हणाली. "पोर गेलं, बाई गेली. म्हाताऱ्याजवळ आता तेवढंच राह्यलंय. खरं-खोटं करत बसू नका."

ती गेल्यावर तो चहा गार होईपर्यंत बसून राहिला. तिचं बोलणं त्याने दोन्ही हातांनी धरून ठेवलं, बुडणारा फळी धरतो तसं. खरंच आहे की. म्हाताऱ्यापाशी केसाळ आहे. त्याच्या बायकोने जपलेला, चार फायलींत चिकटवलेला केसाळ. त्याच्या जागी आपण काय देणार? एक दारुडा पडदेवाला, एक मूर्ख कारागीर आणि मच्छरदाणीच्या जाळीचं एक अस्वल? पोर एका फालतू गमतीपायी मेलं, हे या वयात कळून त्याचं काय भलं होणार? आणि हा झुपका म्हातारा उद्या आणखी कोणाला दाखवील. शुक्रवारातल्या त्या नाक मुरडणाऱ्याला दाखवील, आणि तो एका नजरेत सांगेल की ही गाठ पुण्यात एकाच हाताची. महिन्यावर लेकीचं, नसीमचं लग्न आलं आहे. हा शेवटचा विचार त्याने शेवटी केला, निदान त्याला तरी तसं वाटलं.

त्याने सर्वांत बारीक आकडी घेतली आणि डाव्या हाताने पहिली गाठ उकलायला घेतली. जुन्या गाठी सुटत नाहीत, केस तिथे वळण धरून बसलेला असतो. पण ज्याने मारली त्याला ती कुठून सैल होईल ते ठाऊक असतं. दिवेलागणीला तो जाळीपासून शेवटचा केस वेगळा करून बसला होता. केस त्याने साबणाच्या पाण्यातून काढले, वाळवले, बुडाशी काळ्या दोऱ्याने छान बांधले. एखाद्या देवाच्या चवरीला शोभेल असा झुपका झाला. जाळीचा तुकडा त्याने पानपट्टीच्या कागदात गुंडाळला आणि नाक्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. परत येताना, काही पुण्याचं काम हातून झालं असावं तसं त्याला हलकं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

ठरल्या दिवशी गोपाळकृष्ण साडेदहाला आले. हमीदने त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं होतं. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं होतं, आणि ते त्याने घोकल्यासारखं म्हटलं.

"सर, मी पस्तीस वर्षं केसांत घालवली. शेळीचा ओळखतो, घोड्याचा ओळखतो, चवरीचा ओळखतो. हा यातला कुठलाच नाही. कोणत्या जनावराचा आहे ते मला सांगता येत नाही."

गोपाळकृष्णांनी मान डोलावली. पेटी उघडली. मग सदऱ्याच्या खिशातून त्यांनी एक भिंग काढलं. पितळी कडीचं, मुठीच्या घामाने काळं पडलेलं जुनं भिंग. ते झुपक्याचं शेंड्याकडचं टोक पाहायला गेलेच नाहीत. सरळ बुडाशी गेले, दोरा बाजूला सारला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"हे टोक असंच होतं?"

"माती होती, सर. धुतलं. टिकावं म्हणून बांधून दिलं."

"इथे गाठी होत्या."

हमीदने फळीवरची आकडी उचलून बाजूला ठेवली.

"गुंता होता, सर," तो म्हणाला. "फार जुना गुंता. सोडवला."

"गुंता? नीट पाहिलंत? गाठी नव्हत्या?"

"नव्हत्या."

शब्द बाहेर पडला. खरं तर तोंडाशी तोच तयार होता, दुसरा शोधायला वेळ लागला असता. गोपाळकृष्णांनी भिंग खिशात ठेवलं आणि स्टुलावर बसले. बसताना त्यांनी फळीची कड धरली.

"मला वाटायचं, आहेत," ते म्हणाले. "ही झोपली की भिंग घेऊन बसायचो. एका रेषेत, सारख्या अंतरावर. जनावराच्या अंगावर गाठी कुठून येतील? गाठ माणूसच मारतो. म्हणजे तो कोणी सोंग घेतलेला माणूस होता. म्हणजे मधू तिथे एकटा नव्हता, त्याची कोणाशी तरी झटापट झाली. आणि झटापट झाली म्हणजे..." त्यांनी उदाहरण इथवर आणून सोडून दिलं. "हिला कधी बोललो नाही. तिला केसाळ पुरत होता. मला गाठी पुरत होत्या. म्हटलं, ती असेपर्यंत तिचं मोडायला नको. ती गेल्यावर जाणकाराकडून एकदा खात्री करून घेऊ. म्हणून तुमच्याकडे आलो. टोपवाल्याकडे दुसरं कशाला येईन?"

हमीदच्या घशातून काही आवाज निघाला असावा, कारण त्यांनी मान वर केली.

"नाही हो, तुमचं काय चुकलं? तुम्ही होतं ते सांगितलंत. म्हातारी नजर. जे हवं ते दिसतं." ते हसले. हसणं तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे भरले, आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. "म्हणजे फौजदार म्हणाला तेच. बोरीला अडकलेले केस. आणि मी म्हणालो होतो तेच त्यानं केलं."

"सर..."

"काही नाही. मला फक्त खात्री करायची होती. झाली."

त्यांनी पेटीतला झुपका दोन बोटांनी उचलला आणि हमीदसमोर फळीवर ठेवला. कापूस नीट केला, झाकण लावलं, पेटी पिशवीत घातली.

"हे राहू द्या. तुमच्या कामाला येतील."

पायरी उतरताना त्यांचा तोल गेला तेव्हा हमीद उठला होता, हात पुढे करून. पण त्यांनी भिंतीला धरून स्वतःला सावरलं आणि गल्लीच्या कडेकडेने, गर्दीला वाट देत, निघून गेले. हमीद हाक मारणार होता. गल्ली एवढीशी, हाक सहज पोचली असती. पण काय म्हणून मारणार? गाठी होत्या, म्हणून? दाखव म्हणाले तर काय दाखवणार? जाळी परवाच्या कचऱ्याबरोबर कधीच निघून गेली होती. जयसिंग मातीत गेला होता. उरलं होतं हमीदचं तोंड, आणि त्या तोंडाने त्याने आताच नव्हत्या म्हणून सांगितलं होतं. आता खरं सांगितलं तरी म्हाताऱ्याला वाटणार, बिचारा टोपवाला, दया आली म्हणून गोड बोलतोय. ते ऐकून घेतील, आभार मानतील, आणि एक अक्षरही खरं मानणार नाहीत.

रझिया जेवायला बोलवायला आली तेव्हा दुकानाची फळी अर्धी लागलेली होती. हमीद खाली मान घालून बसला होता. समोर जाळीचा एक नवा कोरा तुकडा ताणून लावलेला होता आणि तो डाव्या हाताने त्यावर तपकिरी केस गाठत होता. दर दोन केसांमागे एक तुटत होता. जुनी गाठ ज्या जागी होती, बरोबर तिथेच तुटत होता.

रझियाने झुपका ओळखला. मग जाळी पाहिली, त्याचा हात पाहिला.

"आन् हे का परत बांधताय?" ती म्हणाली. "कुणाचं काम हाय हे?"

हमीदने गाठ आवळली. केस पुन्हा तुटला. तुटलेला तुकडा त्याने बाजूच्या ढिगात ठेवला आणि दुसरा केस आकडीत घेतला.

"माझं," तो म्हणाला.